पिशवी काढली, पण उपचार संपले का?

सातारा-सांगलीकडच्या कुठल्याही स्त्रीरोग विभागात एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘एकदाची पिशवी काढून टाका, म्हणजे कटकट मिटली.’ गर्भाशयाला बायका ‘पिशवी’ म्हणतात. ती काढली की दुखणे मुळासकट गेले, असा घरातल्या सगळ्यांचा समज असतो. गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगात हा समज निम्माच खरा आहे. पिशवी काढणे हाच या आजाराचा मुख्य उपचार आहे आणि तो वेळेवर झाला तर बहुतेक स्त्रिया बऱ्या होतात. पण ऑपरेशन दोन-तीन तासांचे असते. त्याच्या आधीचे दोन-तीन आठवडे आणि नंतरची पाच वर्षे कशी जातात, यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते.

लाल डाग म्हणजे ‘परत आलेली पाळी’ नव्हे

गर्भाशयाच्या आतल्या बाजूला एक मऊ अस्तर असते. दर महिन्याला पाळीत तेच बाहेर पडते. इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे ते वाढते आणि प्रोजेस्टेरॉनमुळे त्या वाढीला लगाम बसतो. पाळी बंद झाल्यावर अंडकोश थंडावतात, पण शरीरातल्या चरबीत थोडे इस्ट्रोजेन तयार होतच राहते. वजन जास्त असेल तर ते जास्त तयार होते, आणि त्याला लगाम घालणारे प्रोजेस्टेरॉन उरलेले नसते. अशा वेळी अस्तर जाड होत जाते आणि काही स्त्रियांत पुढे त्याचा कर्करोग होतो. म्हणून स्थूलपणा, मधुमेह, उशिरा गेलेली पाळी, मूल न झालेले असणे, तरुणपणी पीसीओडीमुळे सतत चुकलेली पाळी, स्तनाच्या कर्करोगासाठी घेतलेल्या टॅमॉक्सिफेनच्या गोळ्या या गोष्टींनी धोका वाढतो. यांत त्या बाईचा काही दोष असतो असे मुळीच नाही. यातले काहीच नसतानाही हा आजार होऊ शकतो.

या आजाराची एक गोष्ट मात्र रुग्णाच्या बाजूची आहे. तो सहसा लवकर खूण देतो. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर अंगावरून लाल जाणे, मग तो एकच डाग असो किंवा गुलाबी पाणी असो, ही ती खूण. या विषयावरच्या जगभरातील अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार अस्तराचा कर्करोग झालेल्या १०० पैकी सुमारे ९० स्त्रियांना आधी असा रक्तस्राव झालेला होता. उलट बाजूने पाहिले, तर पाळी गेल्यावर रक्तस्राव झालेल्या १०० पैकी सुमारे ९ जणींनाच कर्करोग निघाला. म्हणजे घाबरून जाण्याचे कारण नाही, पण तपासणी टाळण्याचेही नाही. ‘उष्णता झाली असेल’, ‘पाळी परत आली’ असे म्हणून सुगी उरकेपर्यंत थांबण्यात सगळ्यात मोठे नुकसान आहे. हा आजार गर्भाशयापुरता असताना सापडला तर अमेरिकेतील नोंदींनुसार १०० पैकी सुमारे ९५ स्त्रिया पाच वर्षांनंतरही जिवंत असतात. तो दूरवर पसरल्यावर हे प्रमाण फार खाली येते.

आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. आरोग्य शिबिरात गर्भाशयाच्या मुखाची तपासणी होते, ती या आजारासाठी नसते. पॅप तपासणी किंवा व्हीआयए ‘नॉर्मल’ आली म्हणून अस्तराचा कर्करोग नाही, असे ठरत नाही.

सुरीआधी तुकडा

निदानाचा क्रम साधा आहे. आधी आतून सोनोग्राफी करून अस्तराची जाडी मोजतात. पाळी गेलेल्या स्त्रीत ती ४ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल तर कर्करोगाची शक्यता फार कमी असते. त्याहून जास्त असेल, किंवा रक्तस्राव पुन्हा पुन्हा होत असेल, तर अस्तराचा तुकडा तपासावा लागतो. बारीक नळीने तो बाह्यरुग्ण विभागातच घेता येतो, नाहीतर दुर्बिणीने आत पाहून किंवा क्युरेटिंग करून घेतात. ‘तुकडा काढला की कॅन्सर पसरतो’ ही भीती गावोगावी आहे. तिला आधार नाही. उलट तुकडा न तपासता पिशवी काढणे धोक्याचे आहे.

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला आणि त्याच्या चौकशीसाठी डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सातारा-सांगलीच्या कारखान्यांवर दर हंगामात येणाऱ्या टोळ्यांत याच बायका असतात. गरज नसताना पिशवी काढली जाणे ही त्या प्रश्नाची एक बाजू. दुसरी बाजू तेवढीच गंभीर आहे. अंगावरून जाते म्हणून, तुकडा न तपासता, घाईने पिशवी काढली आणि नंतर आत कर्करोग निघाला, तर आजार कुठवर गेला आहे हे पाहण्याची पहिली संधी हातची गेलेली असते. काढलेली पिशवी पॅथॉलॉजीकडे पाठवलीच नाही, तर आजार होता हे कुणाला कळतही नाही. म्हणून दोन प्रश्न प्रत्येक कुटुंबाने विचारावेत : ऑपरेशनआधी तुकडा तपासला का? आणि काढलेली पिशवी तपासायला जाणार का?

कुठे जायचे, काय विचारायचे

या भागाला वैद्यकाची परंपरा जुनी आहे. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत १८९४ मध्ये मिशन रुग्णालय उभे केले, १९६२ मध्ये तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आज सांगलीत पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आहे, मिरजेत सिद्धिविनायक गणपती कॅन्सर रुग्णालय आहे, कराडला कृष्णा रुग्णालय आहे, साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय आणि अलीकडे सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. निदान झाले की लगेच मुंबईची गाडी धरायलाच हवी, असे नाही. जत-आटपाडीच्या किंवा माण-खटावच्या बाईला पाच वर्षे तपासणीला जायचे आहे, हे ध्यानात घेऊन ठिकाण निवडावे. उपचार जमेल तेवढे जवळ झाले तर ती पुढेही येत राहते.

सर्जनला विचारायचे ते असे : आजार कोणत्या प्रकारचा आणि कोणत्या ग्रेडचा आहे? एमआरआय किंवा सीटी स्कॅनमध्ये तो किती खोल दिसतो? लसिकाग्रंथी तपासणार का? ऑपरेशन दुर्बिणीने होईल की पोट उघडून? नंतर किरणोपचार लागले तर ते इथेच मिळतील की दुसरीकडे जावे लागेल? हे विचारण्यात उद्धटपणा नाही. चार प्रश्न कागदावर लिहून नेले तर डॉक्टरांचेही काम सोपे होते.

पैशांची चिंता बहुतेक घरांत बोलून दाखवली जात नाही, पण तीच पाय मागे ओढते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे आणि कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमो व किरणोपचार त्यात येतात. योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसलेला असतो. रेशनकार्ड, आधार आणि तुकड्याचा रिपोर्ट घेऊन भरती होण्याच्या आधी त्याला भेटावे, कारण मंजुरी आधी घ्यावी लागते. आधारवरचे नाव माहेरचे आणि रेशनकार्डवरचे सासरचे असेल, तर तो घोळ त्याच दिवशी मिटवायला घ्यावा.

ऑपरेशनपूर्वीचे आठवडे

तारीख मिळेपर्यंतचे दिवस नुसते काळजीत घालवण्याचे नाहीत. या काळात केलेल्या कामाचा फायदा टेबलावर आणि त्यानंतर दिसतो.

पहिले काम साखरेचे. या आजाराच्या कित्येक रुग्णांना मधुमेह असतो, आणि काही जणींना तो भूल देण्यापूर्वीच्या तपासण्यांत पहिल्यांदाच कळतो. साखर वाढलेली असेल तर टाके पिकतात, जखम उशिरा भरते. ती गोळ्या किंवा इन्शुलिनने एक-दोन आठवड्यांत बऱ्यापैकी आटोक्यात आणता येते. त्यासाठी महिनोन् महिने ऑपरेशन पुढे ढकलू नये. मेटफॉर्मिन बहुधा ऑपरेशनच्या दिवशी देत नाहीत. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारख्या गोळ्या किमान तीन दिवस आधी थांबवतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा निर्णय डॉक्टरच घेतील. रक्तदाबाच्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. काढे, भुकट्या, ‘गुण येणारी’ मुळी असे काही चालू असेल तर तेही न लाजता सांगावे. सगळ्या गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत घालून भूलतज्ज्ञासमोर ठेवणे सगळ्यात बरे.

दुसरे काम रक्ताचे. महिनोन् महिने अंगावरून गेले असेल तर हिमोग्लोबिन उतरलेले असते. लोहाच्या गोळ्यांना वेळ लागतो, म्हणून गरज पडल्यास शिरेतून लोह देतात. फारच कमी असेल तर रक्त चढवतात.

तिसरे काम मिसरीचे. या भागात कित्येक बायका सकाळ-संध्याकाळ तंबाखूची मिसरी लावतात आणि डॉक्टरांनी ‘तंबाखू खाता का?’ विचारले की ‘नाही’ म्हणतात. मिसरी म्हणजे भाजलेला तंबाखूच आहे. त्यातल्या निकोटिनने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि जखम भरायला अडथळा येतो. ज्या दिवशी निदान झाले त्याच दिवशी ती डबी बाहेर टाकावी.

चौथे काम श्वासाचे आणि चालण्याचे. रोज अर्धा तास चालणे, तीन चेंडूंच्या यंत्रात श्वास ओढण्याचा सराव करणे आणि जेवणात डाळ, उसळ, दूध, अंडी वाढवणे, एवढे कुणालाही जमते. वजन जास्त असले तरी या दिवसांत उपास करून ते उतरवायला जाऊ नये. संकष्टी आणि सोमवार काही दिवस देवाकडून उसने घ्यावेत.

आदल्या रात्री

जड जेवण भुलीच्या किमान सहा ते आठ तास आधी संपवावे. साधे पाणी बहुतेक रुग्णांना दोन तास आधीपर्यंत चालते, पण दुधाचा चहा म्हणजे पाणी नव्हे, हे लक्षात ठेवावे. नेमकी वेळ भूलतज्ज्ञ सांगतील. ओटीपोटावरचे केस घरी ब्लेडने काढू नयेत. बारीक जखमा होतात आणि त्यातून जंतू शिरतात.

मंगळसूत्र, जोडवी आणि हातातल्या बांगड्या उतरवायला सांगितले की अनेक बायकांच्या डोळ्यांत पाणी येते, सासूच्या कपाळावर आठी पडते. ऑपरेशनमध्ये विजेवर चालणारे उपकरण वापरतात आणि अंगावर धातू असला तर तिथे भाजू शकते. सुजलेल्या बोटात अडकलेली जोडवी रक्तपुरवठा तोडू शकतात. हे कारण आदल्या दिवशी घरी शांतपणे समजावले तर सकाळी रडारड होत नाही.

ऑपरेशन आणि पुढचे सहा आठवडे

गर्भाशय, त्याचे मुख, दोन्ही गर्भनलिका आणि बहुतेकदा दोन्ही अंडकोश काढतात. गरजेप्रमाणे ओटीपोटातल्या लसिकाग्रंथी तपासतात. पिशवी आत तुकडे न करता अखंड बाहेर काढायची असते. दुर्बिणीने केले तर ‘नीट साफ झाले का?’ अशी शंका नातेवाईक काढतात. ऑस्ट्रेलियातील डॉक्टरांच्या पुढाकाराने ७६० स्त्रियांवर झालेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीच्या टप्प्यातल्या आजारात साडेचार वर्षांनंतर दोन्ही पद्धतींचे निकाल जवळजवळ सारखे होते. दुर्बिणीने केल्यास बाई लवकर उठते, एवढा फरक. दुर्बिणीची सोय नसेल तर तिच्यासाठी ऑपरेशन लांबवू नये. मूल हवे असलेल्या तरुण स्त्रीत आजार अगदी सुरुवातीचा आणि सौम्य असेल, तर काही काळ संप्रेरकांचे उपचार करून ऑपरेशन पुढे नेता येते. पण ते तज्ज्ञांच्या काटेकोर देखरेखीखालीच.

ऑपरेशननंतर लवकर उठून चालणे हे औषधच आहे. पडून राहिल्याने पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. तशी भीती असलेल्या स्त्रियांना ती टाळण्याचे इंजेक्शन घरी गेल्यावरही, काही वेळा चार आठवड्यांपर्यंत, द्यावे लागते. ते मध्येच थांबवू नये.

घरी आल्यावर सहा ते आठ आठवडे पाण्याची कळशी, वैरणीचा भारा, गव्हाचे पोते उचलायचे नाही. धारा काढायला उकिडवे बसणे आणि भांगलणीला वाकणेही नको. हा नियम बाईला माहीत असतो. मोडावा लागतो तो घरात दुसरे कुणी कळशी उचलत नाही म्हणून. डिस्चार्जच्या कागदावरची ही ओळ म्हणून नवऱ्याने आणि मुलांनी वाचायची असते. शरीरसंबंधही डॉक्टरांनी आतून तपासून परवानगी देईपर्यंत नको.

काही खुणा दिसल्या तर पुढच्या तारखेची वाट न पाहता यावे : ताप, घाण वासाचा स्राव, जास्त रक्तस्राव, पोट फुगून उलट्या, नकळत गळणारी लघवी, एका पोटरीला सूज व दुखणे, अचानक लागलेला दम. शेवटच्या दोन खुणांत तासांचाही उशीर करू नये.

सगळ्यात महत्त्वाचा कागद

काढलेल्या पिशवीचा तपासणी अहवाल यायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. तोवर बाई घरी गेलेली असते, टाके निघालेले असतात, आणि ‘आता बरं वाटतंय’ म्हणून अहवाल आणायचा राहून जातो. खरा धोका इथे असतो. आजार गर्भाशयाच्या भिंतीत निम्म्यापेक्षा जास्त खोल गेला का, मुखापर्यंत उतरला का, लसिकाग्रंथींत किंवा बारीक वाहिन्यांत शिरला का, त्याचा प्रकार सौम्य आहे की आक्रमक, हे सगळे त्या दोन पानांत असते. त्यावरूनच पुढे ठरते : अनेकींना काहीच लागत नाही, काहींना योनीच्या वरच्या भागात आतून थोडे किरणोपचार पुरतात, काहींना बाहेरून किरणोपचार आणि केमोही लागते. पुढचा उपचार लागणार असेल तर तो ऑपरेशननंतर साधारण सहा ते आठ आठवड्यांत सुरू व्हावा. अहवाल चार महिन्यांनी, उसाचे बिल आल्यावर आणला, तर त्याचा उपयोग बराच कमी झालेला असतो.

मूळ अहवालाचे दोन झेरॉक्स काढावेत, मोबाइलमध्ये फोटो ठेवावा, आणि पॅथॉलॉजीचे ठोकळे व काचा गरज पडल्यास मिळतील का, हे विचारून ठेवावे. दुसऱ्या रुग्णालयात पहिल्यांदा हेच मागतात.

पाच वर्षांची भेट

पहिली दोन-तीन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी, नंतर पाच वर्षे पूर्ण होईपर्यंत सहा महिन्यांनी किंवा वर्षाने तपासणीला जायचे. आजार परत यायचा असेल तर तो बहुधा पहिल्या तीन वर्षांत येतो. या भेटीत विशेष यंत्र लागत नाही. डॉक्टर विचारपूस करतात, पोट पाहतात आणि आतून तपासतात. ‘नुसतं तपासलं, स्कॅन नाही काढला’ अशी तक्रार होते. पण त्रास नसताना दर वेळी स्कॅन काढल्याने आयुष्य वाढते असे दिसलेले नाही. आतून तपासणी मात्र लाजेपोटी टाळू नये. आजार परतण्याची एक नेहमीची जागा म्हणजे योनीचा वरचा शेवट. तिथे तो एकट्याने आणि लवकर सापडला, आणि आधी किरणोपचार झालेले नसतील, तर किरणोपचारांनी तो पुन्हा बरा होण्याची चांगली शक्यता असते. पिशवी काढल्यावर पुन्हा लाल डाग दिसणे, न थांबणारी ओटीपोटाची किंवा कमरेची दुखणी, खोकला, कारण नसताना उतरणारे वजन, पायाला सूज यांसाठी पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. या कर्करोगातून बऱ्या झालेल्या स्त्रियांचा पुढे मृत्यू होतो तो बहुतेकदा कर्करोगाने नव्हे, तर हृदयविकाराने. वजन, साखर आणि रक्तदाब हे दोन्ही आजारांचे सामायिक भाऊबंद आहेत. म्हणून पाठपुराव्याच्या प्रत्येक भेटीत वजनकाटा, साखर आणि रक्तदाब असायलाच हवेत, आणि मधली भेट गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही होऊ शकते. पाळी चालू असताना अंडकोश काढलेल्या स्त्रीला अचानक गरम वाफा, झोप न लागणे, चिडचिड, कोरडेपणा असे त्रास होतात. हे ‘मनाचे खेळ’ नसतात आणि त्यांवर उपाय आहेत.

घरात आई, मावशी, भाऊ यांपैकी कुणाला मोठ्या आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कर्करोग, विशेषतः पन्नाशीच्या आत, झाला असेल तर तेही सांगावे. लिंच सिंड्रोम नावाच्या आनुवंशिक दोषात असे कर्करोग एकाच घरात येतात. काढलेल्या गाठीवरच्या एका चाचणीने त्याचा संशय घेता येतो आणि मुला-भावंडांना वेळेत आतड्याची तपासणी करून घेता येते.

पुणे-मिरज रेल्वेने किंवा एसटीने तपासणीला जाणे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडणे, गुरांची सोय लावणे आणि कुणाला तरी सोबत घेणे. त्रास नसताना एवढे कशाला, असे बाईलाच वाटते आणि तिसऱ्या-चौथ्या भेटीपासून तारखा चुकू लागतात. घरातल्या एकाने, नवऱ्याने, लेकीने किंवा सुनेने, फाईल आणि तारखा स्वतःकडे घेतल्या तर हे टळते. कॅलेंडरवर एकादशी आणि जत्रेच्या तारखेला खूण असते, तशीच खूण तपासणीच्या तारखेलाही करावी. पाच वर्षांत अशा दहा-पंधरा खुणा होतात. पिशवी काढण्याचे काम सर्जनने केले, या खुणा पाळण्याचे काम घराचे आहे.